ताळा आणि प्रचीती : मृदाद्रवीभवनाच्या गणितांसंबंधी एक विचार

भूकंपाच्या हादऱ्यांनी पाण्याने संपृक्त अशा सैल वाळूत रंध्रजलाचा दाब वाढतो, कणांचा परस्परांवरील भार नाहीसा होतो आणि जमीन काही काळ द्रवासारखी वागू लागते. १९६४ साली जपानमधील नीइगाता येथे निवासी इमारती याच कारणाने, फारशा न मोडता, कलंडल्या. २००१ साली कच्छमधील मातीच्या काही धरणांची हानी पायाखालील गाळाच्या द्रवीभवनामुळे झाली. अशा द्रवीभवनाचे भाकीत आज संगणकीय गणिताने केले जाते, आणि त्या गणितास 'प्रयोगसिद्ध' हे विशेषण सहज जोडण्यात येते. त्या विशेषणाचा अर्थ तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

मराठीत आपण हिशेबाचा ताळा पाहतो आणि औषधाची प्रचीती घेतो. समीकरणे बिनचूक सोडविली काय, हा प्रश्न ताळ्याचा; मुळात समीकरणे योग्य होती काय, हा प्रचीतीचा. पहिल्याचे उत्तर कागदावर मिळते. दुसऱ्यासाठी प्रत्यक्ष मातीकडे जावे लागते.

भूकंप मागून मिळत नाही, म्हणून सेंट्रिफ्यूजमधील प्रतिकृतीचा आश्रय घ्यावा लागतो. गुरुत्वाच्या ५० पट त्वरणात २० सेंटिमीटर वाळू १० मीटर थराइतका ताण अनुभवते. परंतु हादऱ्यांचा काळ ५० पटींनी, तर पाणी झिरपण्याचा काळ २५०० पटींनी आक्रसतो. हा विसंवाद टाळण्यासाठी पाण्याऐवजी ५० पट चिकट द्रव वापरतात. प्रतिकृती हे निसर्गाचे भाषांतर आहे, आणि भाषांतराप्रमाणेच तीही तपासून घेतली पाहिजे.

या दृष्टीने दोन उपक्रम लक्षणीय आहेत. अमेरिकेतील 'व्हेलॅक्स' प्रकल्पाने प्रयोगापूर्वीच भाकिते मागविली व १९९३ साली डेव्हिस येथील परिषदेत ती निष्कर्षांशेजारी मांडली. नावात त्याने ताळ्याचा शब्द घेतला. काम मात्र प्रचीतीचे केले. पण एकाच प्रतिकृतीचे निरनिराळ्या प्रयोगशाळांतील निष्कर्ष नेहमी जुळले नाहीत. त्यामुळे दोष गणिताचा की प्रयोगाचा, हे अनेकदा ठरेना. पुढे 'लीप' उपक्रमाने २०१७ साली ओटावा एफ-६५ वाळूच्या ५ अंश उतारावर ९ केंद्रांत मिळून २४ प्रयोग केले. वाळूची घनता व हादऱ्यांची तीव्रता हेतुपुरस्सर बदलून, उतार किती सरकतो याचा त्या दोहोंशी असलेला संबंध, त्यातील अनिश्चिततेसह, त्यांनी निश्चित केला. प्रयोगांचा आपापसांतील फरक मोजल्यावाचून गणिताची चूक मोजता येत नाही, हा धडा मोलाचा आहे.

तथापि अनेक निबंधांत आजही प्रयोगाकडे पाहून स्थिरांक जुळविले जातात, आणि त्याच प्रयोगाशी आलेला मेळ पुरावा म्हणून दाखविला जातो. शंभर वाक्यांवरून नियम रचून त्याच शंभर वाक्यांनी ते सिद्ध करणाऱ्या वैयाकरणास आपण मान्यता देणार नाही. लॅम्ब यांनी १९७३ मध्येच घटनेपूर्वीचे व घटनेनंतरचे भाकीत वेगळे मानले होते. तो विवेक विसरता कामा नये. तसेच रंध्रजलदाब जुळला म्हणून विस्थापनही जुळेल असे नाही. आणि स्वच्छ, एकजिनसी वाळूवरील यश थरांच्या गाळमिश्रित जमिनीस आपोआप लागू होत नाही.

म्हणून 'प्रयोगसिद्ध' म्हणताना कोणती राशी, कोणत्या मर्यादेत आणि निष्कर्ष कळण्यापूर्वी की नंतर, हे तिन्ही सांगणे आवश्यक मानावे. धरणाखालच्या गावांची सुरक्षितता ज्या विशेषणावर विसंबते, ते इतक्या काटेकोरपणे वापरणे हे संशोधकाचे कर्तव्यच आहे.