जोलूचा प्रश्न

कोरी डॉक्टरोव्ह यांची ‘लिटल ब्रदर’ ही कुमारांसाठी लिहिलेली इंग्रजी कादंबरी २००८ साली आली. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘बिग ब्रदर’ची आठवण करून देणारे तिचे नाव. ती मी बरीच उशिरा वाचली आणि आमच्या नववीच्या मुलांना तासाच्या शेवटी उर्दूत थोडी थोडी सांगितली. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातील मुलांना ती परकी वाटेल असा माझा अंदाज होता. तो चुकला. मात्र ती पूर्णपणे आपलीही वाटली नाही.

कथानक नजीकच्या भविष्यातील सॅन फ्रान्सिस्कोत घडते. सतरा वर्षांच्या मार्कसच्या शाळेत चालण्याच्या ढबीवरून विद्यार्थी ओळखणारे कॅमेरे आहेत. तो बुटात खडे घालून चालतो आणि यंत्राला चकवतो. मग शहरात बॉम्बस्फोट होतो. मार्कस आणि त्याचे मित्र संशयावरून पकडले जातात. काही दिवसांनी सुटका होते, पण डॅरिल हा मित्र परत येत नाही. यानंतर प्रत्येकाच्या प्रवासाच्या पासावर सरकारची नजर बसते. मार्कस आणि त्याचे साथी लोकांच्या पासांवरील ओळख एकमेकांत बदलून टाकतात. साध्या माणसांच्या नोंदी संशयास्पद दिसू लागतात आणि यंत्रणा स्वतःच्याच पायात अडखळते.

लेखकाचे खरे बळ त्याच्या हिशेबात आहे. दहा लाखांत एकच गुन्हेगार असेल आणि यंत्र ९९ टक्के अचूक असेल, तरी ते सुमारे दहा हजार निरपराधांवर बोट ठेवते. हे गणित तो कथेच्या ओघात समजावतो. माझ्या वर्गाने ते फळ्यावर सोडवले. शेकडेवारीचा इतका चांगला तास मी यापूर्वी घेतला नव्हता.

आपल्या कुमारवाङ्मयात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असाच धाडसी आणि हजरजबाबी. पण फेणे चोर पकडून पोलिसांच्या हवाली करतो. पोलिसच दाराशी आले तर काय करायचे, हा प्रश्न त्याला पडत नाही. मार्कसला तो पडतो. म्हणून ही कादंबरी मराठीत यायला हवी असे मला वाटते.

तरीही माझ्या मते कादंबरीचा गाभा मार्कसपाशी नाही. तो त्याच्या जोलू या मित्रापाशी आहे. एका टप्प्यावर जोलू बाजूला होतो. तो मार्कसला सांगतो की तू गोरा आहेस, पकडलास तर तुझे निभावेल. माझ्या रंगाच्या माणसाला ती सवलत नाही. हा प्रसंग लेखकाने लिहिला, ही त्याची प्रामाणिकता. पण कथा पुन्हा मार्कसच्या मागे धावू लागते आणि जोलूचा प्रश्न तसाच राहतो. मला ही या पुस्तकाची मोठी उणीव वाटते. ज्याच्यावर आधीच संशय आहे, त्याने नकार कसा द्यायचा?

या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासात आहे. ट्रान्सवालमध्ये १९०६ साली आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने बोटांचे ठसे देऊन परवाना बाळगावा असा वटहुकूम निघाला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत शेठ हाजी हबीब यांनी खुदाला साक्षी ठेवून तो न मानण्याची शपथ घेतली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक परवाने कढईत जाळले गेले. त्याआधी समझोत्यानुसार गांधीजींसह अनेकांनी आपखुशीने ठसे दिले होते. म्हणजे भांडण ठशाशी नव्हते, सक्तीशी होते. मार्कस टोपणनावाने लपून लढतो. ही माणसे स्वतःच्या नावाने, एकत्र आणि तुरुंगाची तयारी ठेवून उभी राहिली. जोलूसाठी हीच वाट जास्त जवळची.

हा प्रसंग सांगितल्यावर वर्गातला एक मुलगा म्हणाला, “सर, कार्ड जलाया तो राशन किधर से लाएगा?” मी गप्प झालो. त्याचे वडील बागेत चिकू उतरवतात. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा रेशन दुकानातील यंत्र कित्येकदा वाचत नाही. पाश्चात्त्य कादंबरीतील मुलाला यंत्र फार ओळखते म्हणून भीती वाटते. आमच्या मुलांना, मग ती मुस्लिम असोत वा वारली, यंत्र ओळखणारच नाही याची भीती असते.

पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितले. तरी पुढे २०२२-२३ च्या सुमारास आपल्या राज्यात शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांवर होऊ लागली. तेव्हा न जुळणारे मूल वर्गात बसलेले असूनही हिशेबात नसते, आणि त्याचा शिक्षक त्याच्या पालकाच्या मागे लागतो. मीही लागलो आहे. कादंबरीत मार्कसचे वडील भल्या हेतूने पाळतीची बाजू घेतात. ती पाने वाचताना मला माझाच चेहरा दिसला.

आमच्या हजेरीपटात नाव उर्दूत, दाखल्यावर मराठीत, कार्डावर इंग्रजीत. एका मुलीच्या नावातील एक अक्षर तिन्हीकडे वेगळे निघाले. शाळेच्या नोंदीतच बदल करून टाकू, काम लवकर होईल, असे मी सुचवले. ती म्हणाली, “सर, नाम तो दादी ने रखा है. मशीन में सुधारो.” तिने चार खेपा घातल्या, एक महिना शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला, पण अक्षर बदलू दिले नाही.

डॉक्टरोव्ह यांच्या कादंबरीत अशा मुलीला जागा नाही. तिच्याकडे संगणक नाही, बुटात खडे नाहीत. तिची गोष्ट आपल्यापैकीच कोणीतरी लिहायला हवी, आणि ती लिहिताना त्यात शिक्षकालाही सोडू नये.