चर्चगेटचे चर्च : भिंतीवरचा दावा

‘चर्चगेट’ या नावातले चर्च स्टेशनाशेजारी नाही. ते हॉर्निमन सर्कलपाशी आहे. मुंबईच्या किल्ल्याचा, या चर्चकडे नेणारा दरवाजा पाडला गेला, नाव तेवढे उरले.

सेंट थॉमस चर्चचा पाया १६७६ मध्ये, गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरच्या कारकिर्दीत घातला गेला. काम रखडले आणि १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी खुले झाले. १८३७ मध्ये कॅथीड्रलचा दर्जा मिळाल्यावर मनोरा चढला. १८६० च्या दशकात वेदीकडचा भाग गॉथिक वळणाने नव्याने बांधला गेला. स्थापत्याचे अभ्यासक या सरमिसळीपाशी थांबतात. मला मात्र ही वास्तू तिच्या भिंतींवरील स्मारकशिल्पांत अधिक बोलकी वाटते.

१७९५ ते १८११ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या जोनाथन डंकनचे स्मारक पाहा. तरुण हिंदू त्याला दुवा देत आहेत. संदर्भ आहे बनारस परिसर आणि काठेवाडातील बालिकाहत्येविरुद्धच्या त्याच्या प्रयत्नांचा. प्रयत्न खरे होते, हे मान्यच. पण शिल्पातली कृतज्ञता काम तडीस गेल्याची आहे, आणि इतिहास तसे म्हणत नाही: बालिकाहत्येविरुद्ध सरकारला १८७० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

संगमरवराने घाई केली, असे मी म्हणेन. शिवाय गव्हर्नरचे नाव भिंतीवर कोरले गेले; ज्या मुलींसाठी हे सारे, त्या मात्र निनावीच राहिल्या. वारसा जपताना हा दावाही तपासून वाचायला हवा.