‘वजन वाढलं’ की ‘वाढल्यासारखं वाटलं’? लॉकडाऊनवरचा एक पेपर वाचताना



मागच्या महिन्यात तिघांनी मला आपापला सिनॉप्सिस वाचायला पाठवला. तिघांचा विषय एकच: लॉकडाऊनमुळे आहार आणि जीवनशैलीत झालेले बदल. आणि तिघांच्याही पूर्वसंशोधनात एक पेपर होताच. इटलीतल्या लॉरा दी रेंझो आणि सहकाऱ्यांचा, २०२० मध्ये ‘जर्नल ऑफ ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये आलेला. आज तोच नीट वाचूया.

इटलीत मार्च २०२० मध्ये देशभर लॉकडाऊन लागला. या गटाने ५ ते २४ एप्रिलदरम्यान ऑनलाइन प्रश्नावली फिरवली आणि ३,५३३ जणांची उत्तरं तपासली. वय १२ ते ८६. लोक घरात अडकलेले असताना तीन आठवड्यांत एवढं काम उभं करणं सोपं नाही. त्या दिवसांची ही नोंद नंतर मिळालीच नसती. हे श्रेय आधी देऊन टाकू.

आता त्यातला गाजलेला आकडा बघा. ४८.६ टक्के लोकांना आपलं वजन वाढलंय असं वाटलं. तुमच्यापैकी एकाने लिहिलं, ‘जवळपास निम्म्या इटालियन लोकांचं वजन वाढलं.’ एका वाक्यात दोन चुका! पहिली, ‘वाटलं’ गायब झालं. आधी आणि नंतर काट्यावर कुणाला उभं केलेलं नव्हतं. दुसरी, ‘उत्तर देणारे’ म्हणजे ‘इटालियन लोक’ झाले. उत्तर देणाऱ्यांत ७६.१ टक्के महिला होत्या. देशात तसं प्रमाण नाही. शिवाय आहारावरची लांब प्रश्नावली कोण भरतं? ज्याच्याकडे इंटरनेट, वेळ आणि विषयाची आवड आहे तो. १५ टक्के लोक भाजी-फळांसाठी थेट शेतकऱ्यांकडे किंवा सेंद्रिय खरेदी गटांकडे वळले, हा निष्कर्षही मग याच चष्म्यातून वाचायला हवा.

तिसरी अडचण रचनेतलीच आहे. बदल मोजायचा तर आधीची नोंद हवी. इथे लॉकडाऊनमध्येच विचारलं, पूर्वीपेक्षा काय बदललं? म्हणजे हातात आली ती लोकांची आठवण.

मी शहाणपणा शिकवतोय असं वाटू देऊ नका. एम.ए.ला असताना मीही असाच फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. घरच्या जेवणाकडे परतलेले, केक शिकलेले, योगासनं सुरू केलेले, असे भरपूर प्रतिसाद आले. निष्कर्ष लिहिला: ‘आहार सुधारला.’ पुढे आमच्या मेसच्या काकू भेटल्या. मुलं गावी गेली, डबे बंद झाले आणि त्यांच्या घरी कित्येक दिवस रेशनच्या तांदळावर भागलं. ज्यांच्या हातचं मी दोन वर्षं जेवलो, त्या माझ्या नमुन्यात नव्हत्याच. माझा आकडा खोटा नव्हता, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता.

‘मग सरकारी डेटा वापरतो,’ असं म्हणाल. जरा थांबा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीवर २०१९-२१ असं छापलेलं असतं. पण महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता, आणि तो टप्पा जानेवारी २०२० मध्येच संपला. म्हणजे महाराष्ट्राचे ते आकडे लॉकडाऊनच्या आधीचे आहेत. ‘आधी’ म्हणून ते उपयोगी पडतील, ‘दरम्यान’ म्हणून मुळीच नाही.

तेव्हा सिनॉप्सिस गाईडकडे देण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. मी मोजतोय की आठवायला सांगतोय? उत्तरं कुणाची आहेत? आणि कोण सुटलंय? तिसऱ्याचं उत्तर ‘मर्यादा’ या शेवटच्या परिच्छेदात दडवू नका. ते शीर्षकात आणा. ‘महाराष्ट्रातील नागरिक’ऐवजी ‘पुण्यातील पदव्युत्तर विद्यार्थी’ लिहिल्याने प्रबंध लहान होत नाही. खरा होतो.