पराभूताच्या पायऱ्या : 'रॉकी' चित्रपटमालिका आणि तिचे चाहते

मारधाडपटांचा नायक आणि त्याचे चाहते हा विषय आपल्याकडील समीक्षेने सहसा दोन प्रकारे निकालात काढला आहे. एक तर 'गल्लाभरू' असे म्हणून तो बाजूला सारायचा, किंवा समाजशास्त्राच्या स्वाधीन करून व्यक्तिपूजेचा एक नमुना म्हणून त्याची नोंद करायची. चाहत्याला नेमके काय आवडले आहे, हा साधा प्रश्न या दोन्ही मार्गांवर विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांची 'रॉकी' मालिका आणि अनुषंगाने 'रॅम्बो' मालिका यांच्या संदर्भात तो विचारावयाचा आहे.

मूळ चित्रपट १९७६ चा. २४ मार्च १९७५ रोजी चक वेपनर या फारशा प्रसिद्ध नसलेल्या मुष्टियोद्ध्याने महंमद अली यांच्यासमोर पंधराव्या फेरीपर्यंत तग धरला. सामना संपण्यास काही सेकंद उरले असताना तो थांबविण्यात आला. ही लढत पाहून स्टॅलोन यांना कथा सुचली. पटकथा त्यांनी अवघ्या काही दिवसांत लिहिली आणि नायकाची भूमिका आपल्यालाच मिळाली पाहिजे हा हट्ट सोडला नाही. सुमारे दहा लाख डॉलर खर्चात झालेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. हा सर्व इतिहास चाहत्यांना मुखोद्गत असतो. मात्र या चित्रपटाचा नायक अखेरीस हरतो, याकडे जितके लक्ष जावयास हवे तितके जात नाही. रॉकी बाल्बोआला अपोलो क्रीडला हरवायचे नसतेच. पंधरा फेऱ्या संपल्यावर आपण पायांवर उभे असावे, एवढीच त्याची मागणी असते. पंचांचा विभागलेला निर्णय विरोधात जातो आणि तो जाहीर होत असताना रॉकी तिकडे कान न देता एड्रियनला हाका मारीत राहतो. मारधाडपटाच्या परंपरेत हा शेवट अपवादात्मकच म्हणावा लागेल.

फिलाडेल्फिया कला संग्रहालयाच्या बहात्तर पायऱ्यांचे प्रसिद्ध दृश्य याच संदर्भात पाहावयास हवे. या पायऱ्या चित्रपटात आल्या त्या एका यंत्राच्या निमित्ताने. चालत्या-धावत्या माणसाच्या हातात असूनही चित्र स्थिर ठेवणारा 'स्टेडीकॅम' गॅरेट ब्राउन यांनी नुकताच सिद्ध केला होता, आणि त्याच्या प्रात्यक्षिकासाठी त्यांनी आपल्या मैत्रिणीला याच पायऱ्यांवरून धावताना चित्रित केले होते. ते चित्रण दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसन यांच्या पाहण्यात आले. चित्रपटात रॉकी या पायऱ्या दोनदा चढतो. पहिल्या वेळी तो कसाबसा वर पोहोचतो आणि कूस धरून परत फिरतो. दुसऱ्या वेळी बिल कॉन्टी यांच्या संगीताच्या साथीने धावत जाऊन हात उंचावतो. सर्वांच्या स्मरणात दुसरी चढण आहे, परंतु तिला अर्थ आहे तो पहिलीमुळे.

त्यानंतरच्या काळात जगभरातून आलेली माणसे या पायऱ्या धावत चढत आली आहेत. त्यांत लहान मुले असतात, तसेच धाप लागलेले पोक्त गृहस्थही. या कृतीला व्यक्तिपूजा म्हणता येईल काय? पंढरपूरला नामदेवांच्या पायरीशी माथा टेकणारा वारकरी स्वतःला लहान करतो आणि त्यातच त्याचा आनंद असतो. येथे नमस्कार नाही. चाहता नायकाच्या पाया पडत नाही, नायकाने जे श्रम केले ते तो स्वतःच्या देहाने करून पाहतो. आणि ते श्रम सरावाचे आहेत, विजयाचे नव्हेत. २००६ च्या 'रॉकी बाल्बोआ'मध्ये श्रेयनामावलीबरोबर अशा सामान्य माणसांचीच दृश्ये दाखविली आहेत. आपल्या चाहत्यांना मालिकेने दिलेली ही सर्वांत प्रामाणिक पावती होय.

येथे एक आक्षेप संभवतो. चाहत्यांना पराभूत रॉकी प्रिय होता असे म्हणावे, तर 'रॉकी ३' (१९८२) आणि 'रॉकी ४' (१९८५) यांनी मिळविलेल्या प्रचंड यशाचे काय? या चित्रपटांत रॉकी जिंकतो. चौथ्यात तर तो मॉस्कोत जाऊन इव्हान ड्रॅगो या सोव्हिएत मुष्टियोद्ध्याला धूळ चारतो आणि रशियन प्रेक्षक त्याचा जयजयकार करतात. हा आक्षेप टाळून चालणार नाही. प्रेक्षकांना विजय हवा होता, हे मान्यच करावे लागते. तो पुरविताना मालिकेला काय द्यावे लागले, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर 'रॅम्बो'मध्ये अधिक स्पष्ट दिसते.

डेव्हिड मॉरेल यांच्या १९७२ च्या 'फर्स्ट ब्लड' या कादंबरीत रॅम्बो मरतो. १९८२ च्या चित्रपटासाठीही त्याच्या मृत्यूचा शेवट चित्रित झाला होता. परंतु चाचणी-प्रयोगाच्या प्रेक्षकांना तो रुचला नाही आणि रॅम्बो जिवंत राहिला. प्रेक्षकांच्या मायेने वाचलेला असा नायक विरळाच. त्या चित्रपटाच्या अखेरीस तो कर्नल ट्राउटमनपुढे लहान मुलासारखा रडतो. युद्धात आपल्यावर लाखोंची सामग्री सोपविली जात होती आणि येथे साधी नोकरीही टिकत नाही, ही त्याची तक्रार आहे. तीन वर्षांनी दुसऱ्या भागात हाच माणूस व्हिएतनामला परततो आणि गमावलेले युद्ध जणू एकहाती जिंकून देतो. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस, बैरूतमधील ओलिसांची सुटका झाल्यावर, अध्यक्ष रेगन यांनी ध्वनिक्षेपकाची चाचणी घेताना, 'रॅम्बो' पाहिल्याने पुढच्या वेळी काय करायचे ते आपल्याला समजले आहे, अशा आशयाचा विनोद केला. ज्याचे गाऱ्हाणे राज्यसंस्थेविरुद्ध होते, तो राज्यसंस्थेच्या विनोदात जाऊन बसला. चाहत्यांनी त्याचा जीव वाचविला. मालिकेने त्याची तक्रार काढून घेतली.

रॉकीच्या बाबतीत हीच देवघेव एका पुतळ्याच्या रूपाने घडली. 'रॉकी ३'साठी स्टॅलोन यांनी शिल्पकार ए. थॉमस शॉमबर्ग यांच्याकडून रॉकीचा ब्राँझचा पुतळा करवून घेतला आणि तो पायऱ्यांच्या माथ्यावर उभारला गेला. चित्रीकरणानंतर तो तेथेच राहावा की नाही, यावरून वाद पेटला. शहरातील कलाक्षेत्राचे म्हणणे असे की, ही कलाकृती नसून चित्रपटातील सामान आहे. पुतळा स्पेक्ट्रम या क्रीडागृहाकडे हलविण्यात आला आणि बऱ्याच वर्षांनी, २००६ मध्ये, पायऱ्यांच्या पायथ्यालगत बसविण्यात आला. या वादात बहुतेक अभ्यासकांची सहानुभूती चाहत्यांकडे झुकते. प्रस्तुत लेखकाची तशी झुकत नाही, मात्र त्याचे कारण अभिजात कलेचा अभिमान हे नव्हे.

कारण जो फ्रेझियर हे आहे. टोकियो ऑलिम्पिकचे (१९६४) सुवर्णपदक मिळविणारे आणि ८ मार्च १९७१ रोजी अली यांना हरविणारे फ्रेझियर फिलाडेल्फियाचे रहिवासी होते. तरुणपणी त्यांनी खाटीकखान्यात काम केले होते आणि तेथे टांगलेल्या मांसावर ते ठोसे मारीत. रॉकी चित्रपटात नेमके हेच करतो. पहिल्या चित्रपटात फ्रेझियर क्षणभर स्वतः पडद्यावर येतातही. त्यांचे निधन २०११ मध्ये झाले आणि शहरात त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०१५ मध्ये, तोही पायऱ्यांपासून दूर, दक्षिणेकडील क्रीडासंकुलात. एका कल्पित गोऱ्या मुष्टियोद्ध्याला जे अगोदर मिळाले, ते ज्याच्या आयुष्यातून त्याची घडण झाली त्या कृष्णवर्णीय विजेत्याला मरणोत्तर मिळाले. वेपनर यांनीही २००३ मध्ये स्टॅलोन यांच्यावर दावा लावला होता. तो पुढे तडजोडीने मिटला. १९७९ मध्ये समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्यासमवेत 'रॉकी २' पाहताना अली यांनी, कृष्णवर्णीय माणूस शेवटी श्रेष्ठ ठरणे अमेरिकेच्या शिकवणीत बसणारे नाही, असे मत नोंदविले होते. अली यांना चित्रपट आवडला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मताचे वजन वाढते.

चाहतेपणाची खरी कसोटी येथे लागते. आवडत्या नायकावर कोणाचे ऋण आहे, हे चाहत्याला दिसते काय? सर्वसामान्य उत्तर नकारार्थी द्यावे लागेल. तथापि एका चाहत्याने ते होकारार्थी दिले. रायन कूगलर हे ओकलंडचे कृष्णवर्णीय दिग्दर्शक. त्यांचे वडील 'रॉकी'चे निस्सीम चाहते. बापलेकांनी हे चित्रपट एकत्र पाहिलेले. वडील आजारी पडले तेव्हा, त्यांचा नायकही दुबळा झाला तर काय होईल, या विचारातून 'क्रीड' (२०१५) हा चित्रपट घडला. त्यात कथा अपोलो क्रीडच्या मुलाची, ॲडोनिसची आहे. ज्याच्या पराभवावर आणि पुढे मृत्यूवर रॉकीचा मोठेपणा उभा राहिला होता, त्याचे घराणे केंद्रस्थानी येते आणि कर्करोगाने ग्रासलेला रॉकी बाजूला बसून दुसऱ्याच्या हाताला पट्ट्या बांधतो. चौथ्या भागाने जे उधळले होते, त्याची ही फेड आहे. ॲडोनिसही शेवटची लढत विभागलेल्या निर्णयाने हरतो, जसा १९७६ मध्ये रॉकी हरला होता आणि जसा साठीतल्या स्टॅलोन यांचा रॉकी २००६ च्या चित्रपटात पुन्हा हरला होता.

पुढे मालिकेच्या मालकीहक्कावरून स्टॅलोन यांनी निर्माते अर्विन विंकलर यांच्याविरुद्ध जाहीर नाराजी व्यक्त केली आणि २०२३ च्या 'क्रीड ३'मध्ये ते दिसले नाहीत. मायकेल बी. जॉर्डन यांनी दिग्दर्शित केलेला तो भाग रॉकीवाचून पार पडला. 'क्रीड'च्या अखेरीस मात्र रॉकी ॲडोनिसबरोबर त्याच पायऱ्यांवर येतो. आता धावणे नाही, संगीताचा गजर नाही. थोडे चढल्यावर त्याला दम लागतो, तो थांबतो. मुलगा त्याला धीर देत पुढे नेतो. पहिल्या चित्रपटातील त्या पहिल्या चढणीनंतर हीच चढण तिच्या तोडीची आहे.