तीन कोटी शब्दांचा हिशेब

घराचा मुलाच्या बुद्धीवर काय परिणाम होतो, हा विषय निघाला की एक आकडा हमखास पुढे येतो. गरीब घरातले मूल चार वर्षांचे होईपर्यंत उच्चशिक्षितांच्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते! हा आकडा बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांच्या ‘मीनिंगफुल डिफरन्सेस’ या १९९५ सालच्या अमेरिकन पुस्तकाने रूढ केला. तो आला कसा, हे शिक्षकांनी तपासून पाहण्यासारखे आहे.

लेखकांनी कॅन्सास सिटी परिसरातील ४२ कुटुंबांत दरमहा एक तास बसून, मूल तीन वर्षांचे होईपर्यंत, त्याच्या कानावर पडणारे बोलणे टिपले. ही चिकाटी खरोखर दुर्मिळ आहे. मुलाला उद्देशून तासाला सरासरी किती शब्द बोलले जातात? व्यावसायिकांच्या घरी २१५३, कामगारांच्या घरी १२५१ आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांच्या घरी ६१६. तिसऱ्या वर्षी मुलांच्या शब्दसंग्रहातही तसाच फरक दिसला.

इथपर्यंत निरीक्षण झाले. तीन कोटी हा मात्र गुणाकार आहे. महिन्यातील एका तासावरून मुलाच्या जागेपणाचे सारे तास, आणि तीन वर्षांवरून चौथे वर्ष काढले आहे. शिवाय मदतीवर जगणारी कुटुंबे होती फक्त सहा, आणि ती सर्व कृष्णवर्णीय. वही घेऊन बसलेल्या पाहुण्यासमोर कोण मोकळे बोलते आणि कोण गप्प होते, हाही प्रश्न उरतोच.

२०१९ साली डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पाच वस्त्यांमधील नोंदी तपासल्या, तेव्हा असा ठळक वर्गभेद आढळला नाही. एकाच आर्थिक स्तरातील वस्त्यांमध्येही मोठे फरक होते. घरातील इतरांचे आपसातले बोलणे धरले तर आकडे आणखी वाढले. यावर काही अभ्यासकांनी घेतलेला आक्षेपही रास्त आहे: मुलाच्या कानावरून गेलेले बोलणे आणि मुलाशी केलेले बोलणे सारखे नव्हे.

म्हणजे नुसती शब्दांची मोजदाद पुरेशी नाही. २०१८ साली रेचेल रोमिओ यांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांचा अभ्यास केला. ज्या मुलांचे मोठ्यांशी प्रश्नोत्तर, बोलणे-प्रतिबोलणे अधिक होते, त्यांच्या मेंदूतील भाषेशी निगडित ब्रोका क्षेत्र गोष्ट ऐकताना अधिक सक्रिय दिसले. हा संबंध उत्पन्नावर किंवा एकूण शब्दसंख्येवर अवलंबून नव्हता. अर्थात, छोट्या गटावरचा हा अभ्यासही शेवटचा शब्द मानू नये.

हार्ट-रिस्लींनी घराकडे लक्ष वेधले, हे त्यांचे श्रेय. दोष आहे तो त्या आकड्याच्या वापराचा. ‘घरीच काही नाही, आपण काय करणार?’ असे म्हणायला तो सोयीचा पडतो. आपल्या वर्गात दिवसभरात किती मुलांना प्रश्न विचारून त्यांचे उत्तर पूर्ण होईपर्यंत आपण थांबतो? घराचा हिशेब मांडण्यापूर्वी हा हिशेब मांडावा. तो आपल्या हातात आहे.