हातातली लढाई, पडद्यावरची मारामारी

मिडवे या अमेरिकन कंपनीतल्या काही तरुणांना जाँ-क्लोद व्हॅन डॅमला घेऊन मारामारीचा व्हिडिओ गेम करायचा होता. ते जमलं नाही, तेव्हा १९९२मध्ये त्यांनी 'मॉर्टल कॉम्बॅट' काढला आणि त्यात जॉनी केज नावाचा एक तोरेबाज सिनेनट घुसवून व्हॅन डॅमची यथेच्छ टिंगल केली. गंमत पुढेच आहे. दोन वर्षांनी व्हॅन डॅम खरोखरच गेमवरच्या सिनेमात आला, पण तो गेम होता प्रतिस्पर्ध्यांचा, 'स्ट्रीट फायटर'. मग १९९५मध्ये त्या सिनेमावरून पुन्हा एक गेम निघाला.

ही देवाणघेवाण त्याही आधीची आहे. जॉर्डन मेक्नरने १९८९चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' करताना स्वतःच्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक चौकट संगणकावर उतरवली. तलवारबाजी त्याने एरॉल फ्लिनच्या १९३८च्या रॉबिन हूडवरून उचलली. लारा क्रॉफ्ट काय किंवा 'अनचार्टेड'चा नेथन ड्रेक काय, दोघंही इंडियाना जोन्सच्याच घराण्यातले. 'मॅक्स पेन'मधला संथ गतीतला गोळीबार हाँगकाँगच्या सिनेमाकडून आला. ॲक्शन गेममधली कथा, पेहराव, कसरती हा बहुतेक सिनेमाचाच माल. तोच पुन्हा सिनेमात आणला की प्रेक्षकाला वाटतं, हे कुठेतरी पाहिलंय. आणि त्याने ते खरंच पाहिलेलं असतं.

मग गेमचं स्वतःचं असं काय? हातात बटण असणं आणि मरणं. गल्लीतल्या पार्लरमध्ये किंवा घरच्या टीव्हीला जोडून ज्यांनी 'काँट्रा' खेळलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. शेवटची लाइफ उरली की तळहाताला घाम फुटतो. सिनेमा हे बटण काढून घेतो, आणि दुसऱ्याला जेवताना बघून आपलं पोट भरत नाही, असा एक सोपा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. तो मला पटत नाही. यूट्यूबवर लाखो लोक दुसऱ्याचा गेम तासन्‌तास बघतातच की. कारण तिथे खेळणारा खरोखर हरू शकतो. सिनेमातला नायक हरणार नाही, हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं.

माइक न्यूएलच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'मध्ये (२०१०) हा प्रश्न उघडाच पडतो. त्याचा आधार असलेल्या २००३च्या गेममध्ये राजपुत्र आपली गोष्ट स्वतः सांगतोय. आपली उडी चुकली आणि तो दरीत कोसळला की निवेदक स्वतःलाच दुरुस्त करतो : नाही, असं घडलं नव्हतं. कट्यारीत वाळू शिल्लक असेल, तर बटण दाबून काळ काही क्षण मागे न्यायचा आणि तीच उडी पुन्हा घ्यायची. चुकणं, ते पुसणं आणि पुन्हा करून बघणं हाच त्या गेमचा ताल, आणि कथनही त्याच तालावर बांधलेलं. सिनेमात कट्यार आहे, वाळू आहे, जेक जिलनहॉलने भिंतींवरून मारलेल्या उड्याही देखण्या आहेत. पण काळ मागे फिरतो तो मोजक्या वेळा, आणि तेव्हाही कथानकाची अडचण सोडवायला. एरवी राजपुत्र प्रत्येक उडी पहिल्याच फटक्यात घेतो. कधीच न चुकणारा माणूस गच्चीवरून गच्चीवर पळतोय, हे किती वेळ बघायचं?

काहींनी बाह्य नक्कल करून पाहिली. 'डूम'मध्ये (२००५) सुमारे पाच मिनिटं आपण कार्ल अर्बनच्या डोळ्यांनी बघतो, बंदुकीची नळी समोर धरून. इल्या नाइशुलरने तर 'हार्डकोर हेन्री' (२०१५) अख्खाच्या अख्खा तसा केला. तंत्र म्हणून थक्क करणारं आहे, पण अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं. मान वळते आहे, पण ती आपण वळवलेली नाही.

पॉल अँडरसनच्या 'मॉर्टल कॉम्बॅट'ला (१९९५) आजही चाहते आहेत, ते उगाच नाही. 'स्ट्रीट फायटर'ने कुस्तीच्या फडाऐवजी लष्करी मोहीम उभी केली, अँडरसनने स्पर्धा तशीच ठेवली. दोन माणसं, एक जागा, एक जिंकणार. हाँगकाँगच्या सिनेमात तयार झालेला रॉबिन शू त्यात असल्याने लाथ लागली की लागल्यासारखी दिसते. कथा यथातथाच, पण नियम स्पष्ट. त्याच अँडरसनच्या 'रेझिडेंट ईव्हल'ने (२००२) गेममध्ये नसलेली ॲलिस नायिका म्हणून आणली आणि सहा सिनेमे चालवले. आपल्याकडे 'रा.वन'ने (२०११) गेममधला खलनायक बाहेर काढला, पण बाहेर आल्यावर त्याने सुपरहिरोपटातलीच मारामारी केली.

गेमचं मर्म खरं सापडलं ते ज्यांनी कुठल्याच गेमचे हक्क घेतले नव्हते त्यांना. डग लायमनचा 'एज ऑफ टुमॉरो' (२०१४) हिरोशी साकुराझाका यांच्या जपानी कादंबरीवरून केलेला. टॉम क्रूझचा केज हा जनसंपर्क अधिकारी, बंदुकीची कळही सोडवता न येणारा. तो रणांगणावर मरतो आणि आदल्या दिवशी जागा होतो, पुन्हा पुन्हा. सराव करताना हाडं मोडली की त्याला लढायला शिकवणारी रिटा शांतपणे त्याच्या डोक्यात गोळी घालते, कारण नव्याने सुरुवात करायला तोच जवळचा रस्ता. थिएटरात यावर हशा पिकतो. पण हळूहळू केज न बघता बाजूला सरकायला लागतो, कारण गोळा कुठून येणार हे त्याला पाठ झालेलं असतं. नायकाचं कौशल्य इथे आयतं मिळालेलं नाही, ते मरून मरून कमावलेलं आहे आणि आपण त्याला साक्षी आहोत.

'जॉन विक : चॅप्टर ४'मधला (२०२३) पॅरिसच्या घरातला प्रसंगही तसाच. दिग्दर्शक चाड स्टाहेल्स्की यांनी त्याची प्रेरणा 'द हाँगकाँग मॅसेकर' या गेममधली असल्याचं सांगितलेलं आहे. कॅमेरा छताच्या वर जातो आणि खोल्या नकाशासारख्या खाली पसरतात. भिंतीपलीकडे दबा धरून बसलेला माणूस विकच्या आधी आपल्याला दिसतो. बंदुकीतून गोळीबरोबर आगीचा लोळ निघतो, विक पुढच्या खोलीत, कॅमेरा वरून त्याच्या मागे. बटण आपल्या हाती येत नाही, पण खेळणाऱ्याची नजर येते. प्रेक्षक मनातल्या मनात 'डावीकडे, डावीकडे' म्हणतो.

आज या प्रांतात पैशाला तोटा नाही. २०२३च्या 'सुपर मारिओ'ने जगभरात १३० कोटी डॉलरच्या वर गल्ला केला, २०२५च्या 'माइनक्राफ्ट'लाही पोरांनी डोक्यावर घेतलं. पण त्यातला पहिला ॲनिमेशनपट, दुसरा धमाल कौटुंबिक साहस. प्रतिष्ठा मिळाली ती 'द लास्ट ऑफ अस'सारख्या मालिकांना, आणि तिथे गेममधल्या गोळीबाराला चांगलीच कात्री लागलीय. माणसं आणि त्यांचं दुःख यांसाठी ते योग्यच झालं, मात्र मारामारीचं काय करायचं हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. 'बॉर्डरलँड्स'ने (२०२४) केट ब्लँचेटसारखी नटी घेऊनही रक्ताळ, वात्रट गेमचा पोरांना चालेल असा मिळमिळीत सिनेमा केला आणि तो आपटला. निर्माते पोशाख, हत्यारं, नावं काटेकोर जपतात, चाहते ती ओळखून टाळ्या पिटतात. गेम ज्या नियमांवर चालतो ते मात्र पटकथेच्या टेबलापर्यंत क्वचितच पोचतात.

म्हणून, घरात मोबाइल गेममध्ये बुडालेलं पोर असेल, तर त्याच्या शेजारी बसून 'एज ऑफ टुमॉरो' बघा. 'बॉर्डरलँड्स' नाही पाहिला तरी चालेल.