तक्त्याबाहेरचा साप

शाळेच्या व्हरांड्यात किंवा प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलेला ‘विषारी व बिनविषारी साप’ हा रंगीत तक्ता आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. डावीकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. उजवीकडे धामण, दिवड, कवड्या, डुरक्या घोणस, गवत्या. आणि खाली चौकटीत ‘विषारी साप कसा ओळखावा’ याचे पाचसहा नियम. आम्ही शाळेत असताना तो पाठ केला आणि पुढे प्राणिशास्त्रात संशोधन करू लागल्यावर शिक्षकांच्या शिबिरांतून तो टांगून दाखवलाही. आज त्याच तक्त्यावर टीका करायला बसलो आहोत, तेव्हा त्याचे ऋण आधी मान्य करायला हवे. दिसला साप की ठेच, या सवयीला त्याने थोडा तरी आळा घातला. विहिरीतल्या दिवडीचे आणि शेतातल्या धामणीचे प्राण त्यामुळे किती वेळा वाचले असतील!

पण त्या खालच्या चौकटीचे काय करायचे? ‘विषारी सापाचे डोके त्रिकोणी असते’ हा नियम पाहा. घोणस आणि फुरशाला तो लागू पडतो. नाग आणि मण्यार यांची डोकी मात्र मानेहून फारशी रुंद नसतात. म्हणजे तक्त्याच्या डाव्या बाजूचे निम्मे साप त्याच तक्त्याच्या नियमात बसत नाहीत. उलट मांजऱ्या सापाचे डोके चांगले त्रिकोणी असते आणि माणसाला त्याच्यापासून धोका नाही. ‘डोक्यावर बारीक खवले म्हणजे विषारी’ म्हणावे, तर डुरक्या घोणशीच्या डोक्यावरही बारीकच खवले. ‘पाठीच्या कण्यावरचे खवले मोठे व षट्कोनी म्हणजे मण्यार’ म्हणावे, तर रुखई आणि मांजऱ्या यांच्याही कण्यावरचे खवले मोठे असतात.

हे नियम कोणी खोटेपणाने रचलेले नाहीत. ते आले कुठून, हे पाहिले की घोटाळा उमजतो. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरांनी हिंदुस्थानातले विषारी साप कसे ओळखावेत यावर पुस्तक लिहिले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते छापले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यातली ओळखीची पद्धत खवल्यांवर आधारलेली आहे: ओठाकडचा कितवा खवला मोठा, डोळा आणि नाकपुडी यांच्या मधला खवला आहे की नाही, वगैरे. मेलेला साप टेबलावर आहे, हातात भिंग आहे आणि एकामागून एक खुणा क्रमाने तपासायच्या आहेत, अशा माणसासाठी ती उत्तम आहे. तक्त्याने काय केले, तर त्या क्रमातल्या सुट्या खुणा उचलल्या आणि जिवंत, हलणाऱ्या, अंधारात अर्धवट दिसणाऱ्या सापाला लावायला मुलांना सांगितल्या. कवड्या आणि मण्यार यांतला फरक नाकपुडीमागच्या त्या एका खवल्यावरून नक्की सांगता येतो, हे खरे. पण तो खवला दिसण्याइतके जवळ कोणी जावे?

इथे एक हकीकत सांगितली पाहिजे. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेतले जोसेफ स्लोविन्स्की हे सर्पशास्त्रज्ञ म्यानमारमधल्या सापांचा अभ्यास करत. तिथल्या थुंकणाऱ्या नागाची एक नवी जात त्यांनी सहकाऱ्याबरोबर २००० साली जगापुढे आणली होती. मण्यारी ज्या कुळात मोडतात ते कूळ त्यांच्या खास अभ्यासाचे. सप्टेंबर २००१ मध्ये ते उत्तर म्यानमारच्या काचिन प्रांतात रॅट बॉ नावाच्या दुर्गम गावी मुक्कामाला होते. ११ सप्टेंबरच्या सकाळी मदतनिसाने सापाची पिशवी पुढे केली. आतला साप डायनोडॉन असावा, असे त्याने सांगितले. डायनोडॉन म्हणजे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा, मण्यारीसारखा दिसणारा, पण बिनविषारी साप. स्लोविन्स्कींनी पिशवीत हात घातला. आत वीतभर लांबीचे मण्यारीचे पिल्लू होते.

मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंचा स्नायूंशी संबंध तुटतो. सूज नाही, फारशा वेदना नाहीत. पापण्या जड होतात, जीभ चालेनाशी होते, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. बोलता येईना तेव्हा त्यांनी लिहून संवाद चालू ठेवला. श्वास बंद पडल्यावर सहकारी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आळीपाळीने तोंडाने श्वास देत राहिले. मदतीसाठी निरोप गेला होता, पण पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर पोचू शकले नाही. १२ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. वय ३८. पुढे २००५ साली व्हिएतनाममध्ये सापडलेल्या मण्यारीच्या एका नव्या जातीला त्यांचे नाव देण्यात आले.

तो डायनोडॉन आता वर्गीकरणात लायकोडॉन या प्रजातीत धरला जातो, म्हणजे आपल्या कवड्याच्याच प्रजातीत. तक्त्यावर आपण मण्यारीसमोर कवड्या काढून ‘फरक ओळखा’ म्हणतो, ती हीच जोडी.

स्लोविन्स्कींना फरक ठाऊक नव्हता, असे कोण म्हणेल? त्यांचे ज्ञान कमी पडले नाही. पाहण्याआधीच उत्तर हाती आले होते आणि हात त्या उत्तरामागे गेला. यात एक साधे गणित दडलेले आहे, ते वर्गात फळ्यावर मांडण्यासारखे आहे. समजा, एखाद्या भागात पट्टेरी सापांपैकी शंभरात ९८ बिनविषारी आहेत. तर न पाहता ‘बिनविषारी’ म्हणणारा माणूसही ९८ वेळा बरोबर ठरेल! प्रत्येक वेळी त्याचा आत्मविश्वास वाढेल आणि गावात त्याचे नाव होईल. साप जितका दुर्मिळ, तितकी ही फसगत मोठी. तक्ता वापरून ‘आजवर कधी चुकलो नाही’ म्हणणाऱ्या सर्पमित्रांविषयी आम्हाला आदर आहे आणि तितकीच काळजीही.

शिकागोचे कार्ल श्मिट यांचे उदाहरण पुष्कळदा सांगितले जाते. १९५७ साली प्राणिसंग्रहालयातून ओळख पटवण्यासाठी आलेला एक लहान आफ्रिकी साप, बूमस्लँग, त्यांना अंगठ्याला चावला. एका खवल्यामुळे जातीविषयी शंका होती. आपल्या लक्षणांची टिपणे त्यांनी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. टिपणांचे कौतुक फार होते. त्या शंकेकडे मात्र कोणी वळून पाहत नाही.

आम्हाला हे सांगायचा अधिकार एका चुकीमुळे आला आहे. आमचे काम बेडकांवर. काही वर्षांपूर्वी तळकोकणातल्या एका शाळेत शिबिर संपल्यावर सातवीतला एक मुलगा लोणच्याच्या बरणीत पेन्सिलीएवढा बारीक, तपकिरी साप घेऊन आला. गुरुजी म्हणाले, “वाळा आहे.” आम्ही लांबूनच मान हलवली. बरणी कलंडली तेव्हा त्या सापाने शेपटी गुंडाळून वर उचलली, तिची निळसर खालची बाजू दाखवली, आणि आमच्या पोटात गोळा आला. तो पोवळा होता. नाग-मण्यारीच्या कुळातला, पुढे विषदंत असलेला. तोंड लहान, स्वभाव लाजरा, राहणार दगडापाल्याखाली, म्हणून तो माणसाच्या दृष्टीसच फार पडत नाही. काळे डोके आणि शेपटीवरचे दोन काळे डाग आम्हाला आधीच दिसायला हवे होते. (वाळ्याला अशी डोक्याची वेगळी ओळखच नसते!) तक्त्यावर पोवळा नव्हता, म्हणून आमच्या डोळ्यांपुढेही तो नव्हता. याच पट्ट्यात, म्हणजे दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि लगतचे कर्नाटक या भागात, पोवळ्याची एक संपूर्ण नवी जात शास्त्राला ठाऊक झाली ती २०१२ साली. तेव्हा यादी पूर्ण झाली आहे, असे समजण्याचे कारण नाही.

‘चार विषारी साप’ या कल्पनेचे परिणाम दवाखान्यापर्यंत पोचतात. आपल्याकडचे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरच तयार होते. केरळात नाकाचे टोक वर वळलेल्या एका छोट्या चापड्याचे दंश फुरशाचे समजले गेले. रुग्णांना प्रतिविष दिले, उपयोग झाला नाही. रक्त गोठेना, मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. २००७ साली हे प्रसिद्ध झाले. या चापड्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला मोठ्या ढाली असतात, म्हणजे बारीक खवल्यांचा नियम इथेही फसतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांत बहुतेक वाटा त्या चौघांचाच, यात शंका नाही. म्हणून चौघांना तक्त्यावरून काढा, असे आमचे म्हणणे नाही.

आमचे म्हणणे खालच्या चौकटीपुरते आहे. ती कोरी करावी आणि तिथे लिहावे: ‘ओळख पटली नाही तर पटली नाही असे म्हणा आणि मागे सरा.’ मुलाने ‘माहीत नाही’ म्हटले की आपण त्याचे गुण कापतो. सापापुढे मात्र हेच उत्तर पुष्कळदा सर्वांत अचूक असते. दंश झालाच, तर साप पकडून आणण्याची गरज नसते. डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्त वीस मिनिटांत काचेच्या नळीत गोठते की नाही यावरून उपचार ठरवतात. सापामागे धावण्यात गेलेला वेळ रुग्णाचा जातो, आणि कधीकधी दुसरा रुग्णही तयार होतो.

त्या बरणीतला पोवळा आम्ही शाळेमागच्या जांभ्याच्या गडग्यापाशी, लांब काठीने बरणी आडवी करून सोडला. मुलाने आधी तो हातात धरला होता का, हे विचारायचे राहून गेले.